सांदवाडींतील पडका कोठा

चंद्रपूर-गडचिरोलीकडील जुन्या घरांच्या सांदवाडींत एखादा पडका कोठा बहुधा असतोच. गुरें केव्हांच गेलेलीं. आंत उरतात फुटकीं कवेलू, सरपण आणि कुजकीं पोतीं. दिवाळीपूर्वीं घरांतील उत्साही मंडळी तो एका दिवसांत निकालांत काढावयास निघतात. उत्साह स्तुत्य खरा. परंतु आंतील रहिवाशांची विचारपूस आधीं व्हावी.

प्रथम उधई, म्हणजे वाळवी. ती जमिनींतून मातीच्या नळ्या बांधीत वर चढते. सागाच्या पक्क्या गाभ्यास ती सहसा शिवत नाहीं; बांबू मात्र आंतून पोखरते. म्हणून छपरावर कोणास चढविण्यापूर्वीं वासे ठोकून पाहावे.

खरी भीति मण्यारीची. उंदरांमागें नाग येतो हें सर्वांस ठाऊक असतें. पण काळी, पांढऱ्या आडव्या पट्ट्यांची मण्यार रात्रीं फिरते आणि तिच्या दंशानें बहुधा सूज येत नाहीं, वेदनाहि नाममात्र. पुढें पोट दुखतें, पापण्या जड होतात, श्वास कोंडतो. अशा वेळीं 'मुंगी चावली असेल' म्हणून सकाळची वाट पाहणें प्राणावर बेततें. मांत्रिक नको, जखमेवर पातें नको, करकचून बंध नको. रोग्यास न चालवितां थेट, प्रतिविष मिळेल अशा सरकारी रुग्णालयांत न्यावें.

कोठा भर उजेडांत, दाराकडून आंत सरकत रिकामा करावा. पायांत बूट असावे; पोतें हातानें न उचलतां लांब आंकड्यानें ओढावें, कारण विंचूहि त्याखालींच दडतो. साप दिसल्यास मागें सरून वनखात्यास कळवावें. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें त्यास मारण्याची मनाई आहे. मुलांना त्या दिवशीं मामाकडे धाडलें तर उत्तम.