वाढत्या जबड्याचा वाफसा

महाबळेश्वरच्या बाजारपेठेत, गेल्या मे महिन्यात, चण्याच्या दुकानापुढे उभ्या असलेल्या बारा-तेरा वर्षांच्या एका मुलाने पुडी हातात पडताच पाठ फिरवली आणि तोंडातून गुलाबी ॲक्रिलिकच्या दोन लहानशा प्लेटा काढून तो त्या रुमालात गुंडाळू लागला, तोच आईने डबी पुढे केली. “रुमालात नको रे, डबीत ठेव. मागची जोडी अशीच हॉटेलात राहिली.”

या जोडीला दंतवैद्य ट्विन ब्लॉक म्हणतात. वरचे दात पुढे आलेले आणि खालचा जबडा हनुवटीसह मागे राहिलेला, असा जो चेहरा आपल्याकडे ‘मामाच्या वळणावर गेला आहे’ एवढ्या दाखल्यावर निकालात काढला जातो, त्याच्यासाठी ही तजवीज. वरच्या व खालच्या प्लेटेवरील ठोकळे सुमारे ७० अंशांच्या उतारांनी एकमेकांना असे भिडतात की, तोंड मिटायचे म्हटले तर खालचा जबडा पुढे आणल्यावाचून गत्यंतर नसते. आणि जेवताना, बोलताना, झोपेतही तो पुढे राहिला म्हणजे स्नायूंचे स्वतःचेच बळ दातांना व वाढत्या हाडाला नवी दिशा देते. स्कॉटलंडच्या विल्यम क्लार्क यांनी १९७७ साली ही रचना सिद्ध केली.

परंतु तिच्यामागची कल्पना एका उन्हाळी सुट्टीत रुजली, याचे त्या थंड हवेच्या बाजारात मला विशेष अप्रूप वाटले. विसाव्या शतकाच्या आरंभी विगो आंद्रेसेन या डॅनिश दंतवैद्याने सुट्टीवर निघालेल्या स्वतःच्या मुलीच्या दातांवरील तारा उतरवल्या आणि झालेली सुधारणा टिकावी एवढ्याच हेतूने, खालच्या जबड्याला किंचित पुढे धरणारी कड जोडून, रात्री घालायची एक प्लेट तिला दिली. ती परतली तेव्हा सुधारणा टिकली होतीच, शिवाय वरच्या-खालच्या दातांची जुळणीही सुधारलेली पाहून पिता चकित झाला. पुढे ऑस्लो येथे कार्ल हॉइप्ल यांच्या साहचर्याने त्याने या उपकरणाला, म्हणजे ॲक्टिव्हेटरला, शास्त्रीय बैठक दिली.

जमिनीला जसा पेरणीचा वाफसा असतो, तसा जबड्यालाही असतो. मुलगा उंचीने झपाट्याने वाढू लागतो तो हा काळ. मुलींमध्ये तो आधी येतो, आणि मानेच्या मणक्यांचा आकार क्ष-किरणचित्रात पाहून दंतवैद्य त्याची रुजुवात करतात. आठव्या-नवव्या वर्षी केलेल्या घाईने शेवटी फारसा अधिक लाभ होत नाही, मात्र पुढे आलेले दात पडून तुटण्याचा धोका कमी होतो, असे चाचण्यांतून दिसले आहे. जो फरक पडतो त्याचा मोठा भाग दात सरकण्याचा आणि थोडाच हाडाच्या वाढीचा, हेही त्याच चाचण्या सांगतात. म्हणून ‘जबडा लांबवून देतो’ अशी हमी देणाऱ्यापासून पालकांनी सावध असावे.

घाईपेक्षा आपल्याकडे दिरंगाईच अधिक. माझ्या भाचीच्या बाबतीत ‘दहावी होऊ दे’ म्हणत आम्ही तीन वर्षे दवडली. सोळाव्या वर्षी वाढीची मुदत सरली होती, आणि तारांनी दात मागे नेण्यासाठी जागा हवी म्हणून तिचे वरचे दोन निरोगी दात काढावे लागले. ते दात कापसावर ठेवलेले मी पाहिले आहेत.

महाबळेश्वराकडच्या पालकांची अडचण खरी आहे. महिना-दीड महिन्याने दाखवायला जायचे म्हणजे पसरणीचा घाट उतरून वाई-सातारा गाठायचा, दंत महाविद्यालयात जायचे तर कराड-सांगलीपर्यंत मजल. आषाढ-श्रावणात त्या धुक्यात आणि धो-धो पावसात तारीख हमखास चुकते. पाचगणीच्या वसतिगृहांतील मुलांचे तर पालकच दूर. म्हणून मे महिन्यात मापे देऊन पाऊस लागण्यापूर्वी प्लेट बसवून घ्यावी, आणि हरवलीच तर मुलाने बोलणी खाण्याच्या भयाने लपवू नये, एवढा बंदोबस्त घरातच करता येतो.

चणे संपल्यावर त्या मुलाने बाटलीतल्या पाण्याने चूळ भरली, प्लेटा पुन्हा चपखल बसवल्या आणि आईने सांगितले म्हणून समोरच्या पाटीवरील ‘स्ट्रॉबेरी सरबत’ ही अक्षरे मोठ्याने वाचली. ‘स’ जरासा ओला उमटला; त्याने मान हलवून तो पुन्हा म्हटला.