शंभरावं मेंढरू आणि अकरावा खेळाडू

दोस्तांनो, मैदानावर फुटबॉलचे दोन संघ पाडताना काय होतं, ते तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. दोघे कप्तान एकेकाला निवडत जातात. जोरात पळणारे आधी संपतात, मग धिप्पाड मुलं. शेवटी एकजण उरतो. मान खाली घालून, बुटाच्या टोकाने माती उकरत उभा असतो बिचारा! "तूच घे रे याला!" "नको, तुझ्याकडेच राहू दे!"

चांगल्या प्रशिक्षकाची परीक्षा इथेच असते, बरं का. फुटबॉल हा अकरा जणांचा खेळ. दहा वाघ आणि एक घाबरलेला ससा असेल, तर समोरचे त्या सशाच्या बाजूनेच चेंडू आणणार! म्हणून जाणता प्रशिक्षक त्याला हाकलत नाही. आधी त्याला नीट पाहतो. पळता येत नाही, पण चेंडू अचूक देता येतो का? नजर चांगली आहे? मग गोलात उभा करू या. तो चुकला तर चारचौघांत पाणउतारा करत नाही, बाजूला घेऊन सांगतो आणि तीच गोष्ट पुन्हा पुन्हा करून घेतो.

येशू ख्रिस्ताने सांगितलेली एक गोष्ट अशीच आहे. एका मेंढपाळाची शंभर मेंढरं होती. त्यातलं एक हरवलं. तो नव्याण्णव मेंढरं मागे ठेवून त्या एकाला शोधत निघाला. आपल्या पारनेर-संगमनेरकडे ज्यांच्या घरी मेंढरं आहेत, त्यांना हे लगेच कळेल. हिशेबी माणूस म्हणेल, "शंभरात एक गेलं, तर एवढी पायपीट कशाला?" पण एक विचार करा. त्या दिवशी उरलेल्या नव्याण्णवांनाही समजलं असेल, की आपण हरवलो तरी कुणीतरी शोधायला येईल!

आता हेच नगरच्या कापडबाजारात नेऊ या. समजा, एका दुकानात नवा मुलगा लागला. पहिल्याच आठवड्यात त्याने गिऱ्हाईकाला कापड वीतभर कमी मोजून दिलं. मालक त्याला काढून टाकू शकतो. किंवा गिऱ्हाईकाला बोलावून, चूक कबूल करून, पूर्ण माप देऊ शकतो आणि मुलाला शेजारी बसवून मोजायला शिकवू शकतो. क्षमा करायची म्हणजे चूक झाकायची, असं नाही हं! गिऱ्हाईकाचं नुकसान भरून द्यायचं आणि मुलालाही उभं करायचं. व्यवस्थापन म्हणतात ते हेच.

पण हे निभावणं सोपं नसतं. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहराची हकिकत ऐका. १८८७ साली ब्रदर वॉलफ्रिड या ख्रिस्ती धर्मबंधूने तिथे सेल्टिक फुटबॉल क्लब काढण्यात पुढाकार घेतला. कशासाठी? सामन्यांच्या पैशांतून गरीब मुलांना जेवण मिळावं म्हणून! क्लब गाजला, गर्दी वाढली. १८९२ साली ब्रदरांची लंडनला बदली झाली आणि १८९७ साली क्लबची कंपनी झाली. खेळाडूंचे पगार, मैदानाचा खर्च, भागधारकांचा नफा असं सगळं आलं आणि मुलांच्या जेवणाकडे जाणारा पैसा आटत गेला. पुढे क्लबने पुन्हा मदतकार्य हाती घेतलं. आज त्यासाठी वेगळी संस्थाच आहे. पण मधल्या काळात उपाशी राहिलेल्या मुलांचं काय? नफा हवाच, पण तो कशासाठी, हे रोज आठवावं लागतं.

आपल्या महाराष्ट्रातही असं एक उदाहरण आहे. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज १८८३ साली स्कॉटिश मिशनऱ्यांनी सुरू केलं. तिथले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांना २००१ साली भर पावसात झोपडपट्टीतली मुलं फुटकी बादली लाथाडून खेळताना दिसली. त्यांनी मुलांना खरा चेंडू दिला आणि त्यातून 'स्लम सॉकर' ही चळवळ उभी राहिली. नागराज मंजुळे यांचा २०२२ सालचा 'झुंड' चित्रपट त्यांच्यावरच बेतलेला आहे. कुणीच न निवडलेल्या मुलांचा तो संघ होता!

आणि आपलं नगर? १९४७ साली डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी इथे अहमदनगर कॉलेज काढलं. ते स्वतः ख्रिस्ती, पण कॉलेजचं दार सगळ्या धर्मांच्या मुलांना उघडं. त्यांच्या नावाच्या शिक्षणसंस्थेत आज व्यवस्थापनही शिकवलं जातं.

तुमच्या शाळेत आनंदमेळावा भरला, की भेळेच्या स्टॉलवर हे करून पाहा. वर्गातल्या प्रत्येकाला जमेल ते काम द्या. कुणाची चूक झाली तर हसू नका, भरपाई करा. हिशेब फळ्यावर सर्वांसमोर लिहा आणि नफा कशासाठी वापरायचा, ते आधीच ठरवा. आई-बाबांनो, तेव्हा 'किती कमावले?' या प्रश्नाआधी 'कुणाकुणाला कामात घेतलं?' असं विचारा.

आणि उद्या संघ पाडताना तुम्ही कप्तान असाल, तर माती उकरत उभ्या असलेल्या त्या मुलाचं नाव एकदा सगळ्यात आधी घेऊन बघा. त्याचा चेहरा कसा खुलतो, ते आम्हाला जरूर कळवा!