विमानाने लेहला उतरल्यावर डोकं का दुखतं? आणि त्यासाठी डॉक्टरांची जागतिक संघटना का उभी राहिली?

कलावंतीण, प्रबळगड, इर्शाळगड. नवी मुंबईच्या ट्रेकर्ससाठी हे रविवारचे गड. अशा तयारीच्या माणसाला वाटतं, लेह-लडाख काय, सहज जमेल. पण डोंगरावरच्या आजारांचा अभ्यास करणारे डॉक्टर वेगळंच सांगतात: फिटनेसमुळे विरळ हवेचा त्रास टळत नाही.

सह्याद्रीत हा त्रास होतच नाही. कळसूबाई, म्हणजे महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर, १,६४६ मीटर. त्रास सुरू होतो साधारण २,५०० मीटरच्या वर. लेह आहे सुमारे ३,५०० मीटरवर. तिथल्या हवेतही ऑक्सिजन २१ टक्केच असतो, पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोनतृतीयांश. म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजन कमी.

बहुतेकांचं डोकेदुखी, मळमळीवर निभावतं. काहींच्या मात्र फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या आकसतात, आतला दाब वाढतो आणि फुप्फुसांत पाणी झिरपतं. खोकला, धाप. वेळीच खाली आणलं नाही, तर जीव जातो. कितीतरी वर्षं याला न्यूमोनियाच समजलं जायचं. १९५३ च्या के-टू मोहिमेचे नेते, अमेरिकन डॉक्टर चार्ल्स ह्यूस्टन यांनी १९६० मध्ये लेख लिहून हा वेगळा आजार असल्याचं मांडलं.

दोनच वर्षांत भारत-चीन युद्ध झालं. मैदानी भागातल्या जवानांना सरावाला वेळ न देता थेट उंचीवर पाठवावं लागलं आणि अनेक जण गोळी न लागताच आजारी पडले. डॉ. इंदर सिंग आणि त्यांच्या लष्करी सहकाऱ्यांनी अशा १,९२५ जवानांची निरीक्षणं १९६९ मध्ये प्रसिद्ध केली. एवढी मोठी नोंद तोवर जगात क्वचितच होती. आपल्याकडे ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही.

मग ट्रेकिंगचं पर्यटन वाढलं. नेपाळमध्ये १९७३ साली हिमालयन रेस्क्यू असोसिएशन स्थापन झाली. एव्हरेस्टच्या वाटेवरच्या फेरिचे गावात पीटर हॅकेट आणि सहकाऱ्यांनी २७८ ट्रेकर्स तपासले. त्यातल्या ५३ टक्क्यांना त्रास होता आणि लुकलापर्यंत विमानाने आलेल्यांमध्ये तो चालत आलेल्यांपेक्षा जास्त होता. हा अभ्यास १९७६ चा.

अडचण अशी, की हे ज्ञान विखुरलेलं होतं. लष्करी डॉक्टर, गिर्यारोहक, फुप्फुसतज्ज्ञ, बचाव पथकं, प्रत्येकाचं वेगळं. ही मंडळी एकत्र यावीत म्हणून १९८५ मध्ये इंटरनॅशनल सोसायटी फॉर माउंटन मेडिसिन स्थापन झाली. १९९७ मध्ये गिर्यारोहण आणि बचाव क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय संस्थांसोबत तिने डॉक्टरांसाठी डिप्लोमाचे समान निकष ठरवले.

एक साधा प्रश्नही सुटायला हवा होता: 'त्रास' नेमका मोजायचा कसा? १९९१ मध्ये कॅनडातल्या लेक लुईसच्या परिषदेत तज्ज्ञांनी गुणपद्धती ठरवली, ती २०१८ मध्ये सुधारली. आता चारच गोष्टी पाहतात: डोकेदुखी, पोटाच्या तक्रारी, थकवा आणि चक्कर. प्रत्येकीला शून्य ते तीन गुण. उंचीवर आल्यावर डोकेदुखी आणि एकूण तीन किंवा जास्त गुण असतील, तर तो उंचीचा आजार मानतात. झोप न लागणं मात्र यादीतून वगळलं आहे, कारण नव्या उंचीवर ती तशीही लागत नाही.

डॉक्टरांचा सल्ला: ३,००० मीटरच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका, दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबा. विमानाने लेहला उतरणारा ही मर्यादा पहिल्याच तासाला ओलांडतो. म्हणून तिथे सुरुवातीचे दोन दिवस आराम करायला सांगतात. खार्दुंगलाचे फोटो नंतर.