तीन अक्षरांचा पसारा

इंग्रजीतलं ‘रन’ हे क्रियापद प्राथमिक शाळेतच भेटतं. वहीत ‘रन म्हणजे धावणे’ असं लिहिलं, की पुन्हा कोशात बघायची वेळ सहसा येत नाही. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीचे संपादक पीटर गिलिव्हर यांनी मात्र या एका क्रियापदावर नऊ महिने घालवले. २०११ साली त्यांचं काम पुरं झाल्याची बातमी आली, तेव्हा अर्थांची मोजदाद ६४५वर पोचली होती. तीही फक्त क्रियापदाची. ‘रन’ हे नाम म्हणूनही वापरतात, आणि त्याचा संसार वेगळाच आहे.

एवढे अर्थ मोजतात तरी कसे? या कोशाची कल्पना लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत १८५७ साली मांडली गेली. मुंबईत मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती निघाली, तेही हेच साल. १८७९मध्ये जेम्स मरे संपादक झाले. त्यांनी आपल्या घराच्या आवारात पन्हळी पत्र्याची एक शेड बांधली आणि भिंतींना चिठ्ठ्या ठेवायचे खण ठोकले. ठिकठिकाणचे वाचक जुनी-नवी पुस्तकं वाचत, एखादा शब्द वापरलेलं वाक्य चिठ्ठीवर उतरवून काढत आणि टपालानं धाडत. अशा लाखो चिठ्ठ्या जमल्या. एका शब्दाच्या चिठ्ठ्या पुढ्यात घेऊन संपादक त्यांच्या चळती लावत बसे. एखादी चिठ्ठी कुठल्याच चळतीत बसेना, की नवी चळत. म्हणजे नवा अर्थ. मला या पद्धतीतला प्रामाणिकपणा फार भावतो: अर्थ कोशकारानं ठरवायचा नाही, तो लोकांच्या वाक्यांतून निघायचा. मरे १९१५ साली गेले आणि कोश पुरा व्हायला १९२८ उजाडलं. पुढे १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांबलचक नोंद होती ती ‘सेट’ या क्रियापदाची, सुमारे ४३० अर्थांची. तो मान ‘रन’नं तिसऱ्या आवृत्तीच्या कामात पटकावला.

आता त्या चळतींमध्ये जरा डोकावू. इंग्रजीत माणूस धावतो, पण नळही धावतो, नाकही धावतं. पहिल्या धुण्यात कापडाचा रंग सुटला तर तोही धावला. रस्ता जागचा हलत नाही, तरी उत्तरेकडे धावतो. एखादा विकार घराण्यात धावतो. ताप धावतो, दुकान धावतं, नाटक सहा महिने धावतं, कराराची मुदत धावते. ‘रन ओव्हर’ हे दोनच शब्द घेतले, तरी गाडीखाली चिरडणं, भाषण वेळेपेक्षा लांबणं आणि टिपणांवरून भरभर नजर फिरवणं असे तीन अर्थ हाती येतात.

यातलं एकेक मराठीत सांगून बघा. नळ वाहतो, रंग जातो, रस्ता जातो, ताप येतो. पण दुकान? ते चालतं. घड्याळ चालतं, यंत्र चालतं, खटला चालतो, नाटक चालतं, संस्था चालवतात. जिथे जिथे इंग्रजी धावते, तिथे बरेचदा मराठी चालत असते! ‘चालणे’चे अर्थ कुणी असेच चिठ्ठ्यांवर उतरवून काढले तर काय मजा येईल. श्वास चालतो, हुकूम चालतो, फाटकी नोट चालत नाही, आणि ‘चालेल’ या एका शब्दात आपण संमतीही देतो. पायांनी चालण्याशी यातल्या कशाचाच थेट संबंध राहिलेला नाही, पण पुढे सरकत राहणं मात्र सगळीकडे आहे.

‘रन’च्या बाबतीत तो समान धागा आणखी जुना आहे. प्राचीन इंग्रजीत या शब्दाच्या पूर्वजाचे दोन अर्थ होते, धावणं आणि वाहणं. त्याचं जर्मन भावंड ‘रिनन’ आजही ओघळणं, वाहणं याच अर्थानं वापरलं जातं. म्हणजे नळ नि नाक ही काही मागाहून चिकटलेली शेपटं नाहीत, ती या शब्दाच्या मूळ घरातलीच आहेत. पुढे यंत्रं आली. आगगाडी, कापडाची गिरणी, छापखाना, मग संगणकावरचा प्रोग्रॅम, या सगळ्यांना एकसारखी, न थांबणारी गती होती आणि तिच्यासाठी शब्द तयारच होता. ‘सेट’ हा मांडून ठेवण्याचा, बसवण्याचा शब्द. यंत्रयुगानं त्याच्याहून जास्त ‘रन’ला वापरून घेतलं, यात मला नवल वाटत नाही.

निवडणुकीची गोष्ट तर फारच सुंदर आहे. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीसाठी धावतो, ब्रिटनमध्ये तो उभा राहतो. भाषा एक, काम एक, आणि क्रियापदं पार विरुद्ध टोकांची! आपल्याकडेही उमेदवार उभाच राहतो.

मग हे सगळं ऐकणाऱ्याचा घोळ का होत नाही? कारण शब्द कधी एकटा येत नाही. शेजारी ‘फीवर’ असेल तर ‘रन’चे उरलेले सगळे अर्थ आपोआप गळतात. ‘शॉप’ असेल तर वेगळे गळतात. स्वयंपाकघरातून ‘रन आउट’ ऐकू आलं तर साखर संपलेली असते, मैदानावर ऐकू आलं तर फलंदाज परतायला लागतो. म्हणून इंग्रजी शिकणाऱ्यानं ‘रन’च्या पुढे अर्थांची यादी पाठ करण्यात फारसा अर्थ नाही. ‘रन अ फीवर’, ‘रन अ शॉप’ असे शेजाऱ्यासकट तुकडे उचलावेत, ते जास्त टिकतात.

जॉर्ज किंग्स्ली झिफ या अमेरिकन अभ्यासकानं १९४५ साली अर्थांच्या या गर्दीमागचा एक नियम दाखवला. शब्द जितका जास्त वापरात, तितके त्याचे अर्थ जास्त. ढोबळ हिशेब असा, की शंभरपट वापरला जाणारा शब्द साधारण दहापट अर्थ बाळगतो. मराठीत ‘लागणे’ बघा: भूक लागते, झोप लागते, ठेच लागते, निकाल लागतो, झाडाला आंबे लागतात, अमका आपला मामा लागतो. ‘गाडी लागली’ म्हणजे एसटी फलाटावर आली, आणि घाटात पोटात ढवळायला लागलं तरी गाडीच लागली.

आणि खुद्द ‘धाव’? सरड्याची धाव कुंपणापर्यंत, इथे ती मर्यादा आहे. ‘विठ्ठला, धाव’ ही हाक वेगाची नाही, मदतीची आहे. बैलगाडीच्या लाकडी चाकावर बसवतात ती लोखंडी पट्टीही धावच. ती लालबुंद तापवली की फुगते, तशीच चाकावर चढवायची नि वर पाणी ओतायचं, की आक्रसून लाकडाला घट्ट आवळते. एवढं सगळं आधीच नांदत असताना क्रिकेट आलं, आणि ‘रन’चा एक अर्थ ‘धाव’नं उचलला. तोही मूळच्या सगळ्या चमत्कारिकपणासकट, कारण चेंडू जमिनीवरून सीमेपार गेला तर फलंदाज जागचा न हलताही चार धावा मिळतात. बाळ ज. पंडित यांच्यासारख्या समालोचकांच्या तोंडून हे शब्द रेडिओवरून घरोघर गेले. ‘रन आउट’चं ‘धावचीत’ झालं, आणि त्यातला ‘चीत’ इंग्रजीतून आलेलाच नाही, तो आपल्या कुस्तीच्या आखाड्यातला आहे.