स्वयंचलित दार आणि रखवालदाराची अब्रू

शहरातल्या माणसाने गावाकडे जमीन घेतली की तो प्रथम कुंपण घालतो, मग विहिरीवर पंप बसवतो आणि पुढे कधीतरी बटणावर उघडणारे लोखंडी दार. दार आले की पुष्कळदा रात्रीचा रखवालदार कमी होतो. मग एके सकाळी पंपाची केबल गेलेली असते. कुलूप तुटलेले नाही, दारावर ओरखडा नाही. तेव्हा पहिला प्रश्न गड्याला येतो : बटण कोणाकडे होते? या एका प्रश्नापायी सरळ माणसे दिवसदिवस ठाण्यात बसलेली मी पाहिली आहेत. म्हणून हे दार ऐकते तरी काय, हे आपण समजून घेतले पाहिजे.

दार माणसाला ओळखत नाही. हातातले यंत्र बिनतारी लहरींवरून एक आकडा पाठवते आणि तो जुळला की मोटार फिरते. जुन्या व स्वस्त यंत्रांत हा आकडा कायमचा ठरलेला असतो. अशा कित्येक यंत्रांच्या आत बारीक खटक्यांची रांग असते. प्रत्येक खटका वर तरी किंवा खाली तरी. बारा खटक्यांचे ४,०९६ प्रकार होतात. ऐकायला ही संख्या मोठी वाटते.

परंतु २०१५ साली अमेरिकेत सॅमी कामकार या संशोधकाने मुलांच्या एका बिनतारी खेळण्यात फेरफार करून, स्थिर आकड्याची दारे दहा सेकंदांच्या आत उघडता येतात हे दाखवले. त्यातले मर्म वृत्ते शिकलेल्यांना चटकन कळेल. ‘यमाताराजभानसलगा’ आठवा. आठ गण सुटे लिहिले तर चोवीस अक्षरे लागतात. हे सूत्र दहा अक्षरांतच आठही गण सांगते, कारण यमाता, मातारा, ताराज असे ते एकमेकांत गुंतलेले आहेत. (वृत्तांचा उपयोग काय, असे विचारणाऱ्या पोरांना हे जरूर सांगावे.) कित्येक दारेही तशीच ऐकतात. नवा आकडा कोठे सुरू झाला याची त्यांना फिकीर नसते. शेवटचे बारा ठोके जुळले की पुरे. त्यामुळे सगळे प्रकार सुटे पाठवायला जेथे ४९,१५२ ठोके लागले असते, तेथे गुंफून पाठवले तर ४,१०७ पुरतात. शिवाय मालकाने बटण दाबले त्या क्षणी तो संदेश कोणी टिपून ठेवला, तर एवढाही खटाटोप नको.

यावर तोड म्हणजे दर दाबाला आकडा बदलणारे यंत्र. तेही अभेद्य नाही, पण पुष्कळ बरे. बाकी चोराला विज्ञान लागतेच असे नाही. बिजागरीला वरून अटकाव नसेल तर पहारीने पाखे उचलून काढता येते. वीज गेल्यावर दार हाताने उघडता यावे म्हणून मोटारीला एक कळ असते. तिची किल्ली तेथेच खिळ्याला टांगलेली मी पाहिली आहे!

तेव्हा कामावर राहताना बटण मिळाल्याची नोंद दोघांच्या सह्यांनी करून घ्यावी. काम सुटले की बटण परत द्यावे, पावती घ्यावी आणि यंत्रातून ते बाद करायला लावावे. खटक्यांवर आकडा ठरणाऱ्या दाराला एकच बटण बाद करता येत नाही. तेथे सर्वांचाच आकडा बदलावा लागतो. आणि चोरी झालीच, तर दाराचा आकडा स्थिर आहे की बदलता, हे पंचनाम्यात लिहायला सांगावे. गड्याची झडती त्यानंतर.