जुने स्पॅनिश दस्तऐवज आणि भाषांतरकार

काही वर्षांपूर्वी आठवीच्या वर्गातील एका मुलाने चाचे लोकांची एक इंग्रजी गोष्ट मराठीत उतरवून मला दाखविली. ज्या खजिन्यासाठी चाचे एकमेकांचे गळे कापीत होते, त्या खजिन्यात या मुलाच्या लेखी नुसते ‘आठ तुकडे’ होते. मी विचारले, “अरे, आठ तुकड्यांसाठी एवढे खून?” तो म्हणाला, “सर, इंग्रजीत तसेच आहे.” आणि त्याचे म्हणणे खरे होते.

मूळ चूक त्या मुलाची नव्हे. स्पेनच्या टांकसाळीत पडणारे चांदीचे एक मोठे नाणे आठ रेआल किमतीचे असे, म्हणून त्याला ‘आठांचा रेआल’ असे नाव पडले. इंग्रजांनी त्याचे ‘आठांचा तुकडा’ केले आणि माझ्या विद्यार्थ्याने त्या नाण्याचेच तुकडे केले. आपल्याकडे १९५७ साली रुपयाचे शंभर पैसे झाले, तरी आपण अजून ‘सोळा आणे खरे’ म्हणतो. एका रुपयाचे आणे किती, हे ज्याला ठाऊक नाही, त्याला त्या बोलण्यातील सत्य पुरते की अपुरते हेही कळणार नाही.

गोष्टीतील चूक हसून सोडून देता येते. परंतु तसाच शब्द कर्जरोख्यात, मृत्युपत्रात किंवा जमिनीच्या सनदेत आला, म्हणजे त्यावर कोणाचे तरी घरदार अवलंबून असते. फ्लॉरिडा १८२१ साली स्पेनकडून अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांकडे गेला. १८४८ च्या तहाने मेक्सिकोचा कॅलिफोर्निया व न्यू मेक्सिको हा मुलूखही त्यांच्याकडे आला. लोक तेच, जमिनी त्याच, कागद मात्र स्पॅनिश आणि न्यायालये इंग्रजी. तेव्हापासून आजतागायत वकील आणि इतिहाससंशोधक या जुन्या शब्दांशी झगडत आले आहेत. त्या झगड्याचे स्वरूप काय, हे आज आपण पाहू.

प्रथम हिशेबाची भाषा घ्या. कास्तीलच्या जुन्या हिशेबात मारावेदी हे मोजणीचे परिमाण होते. चौतीस मारावेदींचा एक रेआल, म्हणून आठ रेआलांच्या नाण्याचे २७२ मारावेदी. याच वह्यांत ‘क्वेन्तो’ हा शब्द येतो. साध्या स्पॅनिशमध्ये क्वेन्तो म्हणजे गोष्ट, कहाणी. पण ‘मारावेदींचा एक क्वेन्तो’ ही कहाणी नव्हे, ते दहा लक्ष मारावेदी होत. आपल्या गोमंतकीय वाचकांना पोर्तुगीजमधील ‘कोंतो’ आठवेल. तो याच शब्दाचा सख्खा भाऊ.

याहून फसवी अशी व्याजाची भाषा आहे. सोळाव्या शतकातील खतांत ‘हजारास चौदा हजार’ असा दर आढळतो. आपल्या सवयीने वाचले, तर हजार रुपयांवर चौदा हजार व्याज, म्हणजे शेकडा चौदाशे! असा सावकार पृथ्वीतलावर झाला नसेल. खरा अर्थ नेमका उलटा आहे. वर्षाला एक हजाराचे उत्पन्न हवे असेल, तर चौदा हजार मुद्दल गुंतवावे लागे. म्हणजे दर शेकडा सातहून किंचित अधिक. ‘हजारास वीस हजार’ म्हणजे शेकडा पाच. आकडा वाढला की व्याज उतरते. शब्दकोशात ‘हजार’ही सापडतो आणि ‘चौदा’ही सापडतो, त्यांचा परस्परसंबंध मात्र तेथे सापडत नाही.

आता ‘सेन्सो’ हा शब्द पाहा. आजच्या स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ शिरगणती. जुन्या खतांत तो एक आर्थिक करार. ख्रिस्ती धर्मशास्त्राने व्याजाने पैसे देणे पाप मानले होते. परंतु जमिनीच्या उत्पन्नातून दरसाल ठराविक रक्कम मिळण्याचा हक्क विकत घेणे, हे पाप मानले जात नसे. पोप पाचवे पायस यांनी १५६९ साली या व्यवहाराचे नियमही घालून दिले. इंग्रजी भाषांतरकार पुष्कळदा सेन्सोला सरळ ‘गहाण’ म्हणतात. पैसा आला, जमीन अडकली, दरसाल रक्कम भरावयाची, बाह्यतः गहाणच. परंतु एक भेद मोठा आहे. साध्या गहाणात मुदत संपली की सावकार मुद्दल मागू शकतो. सेन्सोत पैसा देणारा मुद्दल कधीच परत मागू शकत नसे. ते परत देऊन जमीन मोकळी करण्याचा अधिकार जमीनवाल्याचा होता. अनेक पिढ्या केवळ वार्षिक रक्कम भरणारे कुटुंब मूळ शब्दात करार पाळणारे आहे. ‘गहाण’ या शब्दात तेच कुटुंब थकबाकीदार दिसू लागते.

‘हुरो’ची गतही अशीच. राजाला दिलेल्या पैशाच्या बदल्यात मिळणारे ते वार्षिक उत्पन्न. इंग्रजीत त्याला ‘सरकारी रोखा’ म्हणून मोकळे होतात. पण रोखा साऱ्या सरकारी तिजोरीवर असतो; हुरो हा एखाद्या ठिकाणच्या ठराविक करावर बसविलेला असे. त्या कराचा वसूल अपुरा पडला, तर जुन्या हुरोवाल्यांना आधी मिळे आणि मागाहूनचे रिकाम्या हाताने परतत. पेशवाईत अमुक महालाच्या वसुलावर वरात देत असत, ती ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे लवकर उमगेल. मात्र वरात एकदा वठली की संपे. हुरो वर्षानुवर्षे चाले.

आणि ‘एन्कोमिएन्दा’? या शब्दाचे मूळ ‘सोपविणे’ या क्रियापदात आहे. अमेरिकेतील स्पॅनिश राज्यात अमुक गावचे मूळ रहिवासी अमुक सरदाराकडे ‘सोपविले’ जात. त्यांच्याकडून त्याने खंडणी घ्यावी, आरंभीच्या काळात श्रमही घ्यावेत, आणि मोबदल्यात त्यांचे रक्षण व धर्मशिक्षण करावे, अशी ती व्यवस्था. व्यवहारात तिने त्या लोकांवर अपार जुलूम झाला. १५४२ च्या नव्या कायद्यांनी तिला आळा घालण्याचा प्रयत्न झाला. परंतु कायद्याने तिच्यात जमिनीची मालकी येत नव्हती. जो भाषांतरकार तिला ‘जमिनीची देणगी’ म्हणतो, तो त्या रहिवाशांची जमीन पुन्हा एकदा, आणि या वेळी केवळ लेखणीच्या फटकाऱ्याने, काढून घेतो. आपल्याकडील मोकासा आणि जमिनीची मालकी यांत जो भेद, तोच येथे आहे.

यापैकी कित्येक शब्द आपल्याला अगदीच परके नाहीत, हे ऐकून आश्चर्य वाटेल. स्पेनमध्ये अरबांचे राज्य होते. आपल्याकडे अरबी शब्द फारसीच्या वाटेने आले. ‘अल्काल्दे’ म्हणजे आपला काझी. जकातघराचे नाव ‘आदुआना’, म्हणजे आपले दिवाण. सरकारी वसुलावर देखरेख करणारा ‘अल्मोहारिफे’ म्हणजे मुश्रीफ; हे आडनाव कोल्हापूरकडे आजही ऐकू येते. विक्रीवरील कर ‘अल्काबाला’, त्याचे आणि आपल्या ‘कबुलायती’चे अरबी मूळ एक. परंतु येथेही सावध असावे. ‘अल्ग्वासिल’ हा मुळात वजीर. स्पेनमध्ये तो उतरत उतरत न्यायालयाचा बेलिफ झाला. जन्मगाव एक म्हणून दोन माणसांचा धंदा एक नसतो, शब्दांचेही तसेच.

येथवर नामांविषयी बोललो. पण सर्वांत मोठा निकाल एका साध्या क्रियापदावर लागला. स्पेन व अमेरिका यांच्यातील फ्लॉरिडाचा तह १८१९ साली झाला. त्याच्या आठव्या कलमात स्पॅनिश राजाने ठराविक तारखेपूर्वी दिलेल्या जमिनींविषयी हमी होती. इंग्रजी प्रतीचा अर्थ असा लागे, की या सनदा ‘कायम करण्यात येतील’. १८२९ साली एका दाव्यात अमेरिकेचे सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी त्यावरून ठरविले, की हे पुढे करावयाचे काम आहे. विधिमंडळ जोवर कायदा करीत नाही, तोवर न्यायालय ही सनद मानू शकत नाही. दावा बुडाला.

त्यानंतर हुआन पेर्चेमान याचा दावा आला. लष्करी चाकरीबद्दल त्याला १८१५ साली फ्लॉरिडाच्या स्पॅनिश गव्हर्नराने २,००० एकर जमीन दिली होती. या वेळी तहाची स्पॅनिश प्रत न्यायालयापुढे उलगडली गेली. तीत शब्द होता ‘केदारान’, म्हणजे ‘राहतील’. सनदा कायम करण्यात येतील असे नव्हे, तर कायम राहतील. मार्शल यांनी मान्य केले, की दोन्ही प्रती अस्सल आहेत, आणि ओढाताण न करता दोहोंचा मेळ बसत असेल, तर तोच अर्थ खरा. १८३३ साली पेर्चेमानची जमीन त्याच्याकडे राहिली. चार वर्षांपूर्वीचे आपलेच मत त्या न्यायाधीशाने एका क्रियापदापुढे नमून बदलले.

याच खटल्यात आणखी एक हरकत होती. पेर्चेमानने मूळ सनद नव्हे, तर सरकारी चिटणिसाने दिलेली नक्कल हजर केली होती. न्यायालय म्हणाले, की मूळ कागद जपणे हे ज्याचे कर्तव्य, त्याने दिलेली नक्कल पुराव्यात घेतली पाहिजे. कोमुनिदादचा एस्क्रिव्हांव ज्यांनी पाहिला आहे, त्या गोमंतकीयांना दप्तर सांभाळणाऱ्याचे महत्त्व सांगावयास नको.

मग भाषांतरकाराने करावे काय? माझ्या अल्प समजुतीप्रमाणे, प्रतिशब्द शोधण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. कोणी कोणाला द्यावयाचे? कशातून द्यावयाचे? आणि ते बंधन सुटते केव्हा? उत्तरे मिळाली, तर मूळ शब्द तसाच ठेवावा आणि पहिल्या वेळी त्याचा खुलासा करावा. सेन्सो हा सेन्सोच राहू द्यावा. जुने पैसे आजच्या पैशांत बदलण्याची घाई करू नये; परिमाण सांगावे, म्हणजे वाचक स्वतः हिशेब करील. आणि क्रियापदाचा काळ दोनदा तपासावा.

हे सारे दूरदेशीचे वाटेल. पण आपल्यापैकी अनेकांच्या घरी जुन्या पेटीत मोडीतील किंवा पोर्तुगीजमधील कागद असतात, आणि कधी ना कधी ते इंग्रजीत उतरवून कचेरीत द्यावे लागतात. त्या दिवशी ‘वतन’, ‘इनाम’, ‘मिरास’ या तिन्ही शब्दांपुढे कोणी एकच इंग्रजी शब्द लिहीत असेल, तर त्याचा हात क्षणभर धरावा आणि ते तीन प्रश्न विचारावेत. माझ्या विद्यार्थ्याने मागाहून आपली गोष्ट सुधारली. त्यात आता ‘आठ-आठ रेआलांची नाणी’ आहेत, आणि खाली एका रेआलाचे मारावेदी किती, तेही त्याने लिहिले आहे.