भूजल व्यवस्थापन

भूजल व्यवस्थापन : जमिनीखालील पाण्याचे मापन, पुनर्भरण, उपसा व वाटप यांचे नियोजन. शेती, वस्ती व निसर्ग या तिहींच्या गरजा दीर्घकाळ भागाव्यात आणि मूळ साठा क्षीण होऊ नये, हा त्याचा उद्देश होय. पावसाचे जे पाणी जमिनीत मुरून खडकांतील वा गाळातील पोकळ्यांत साठते, त्यास भूजल आणि ते साठवून विहिरीस पुरवू शकणाऱ्या थरास जलधर म्हणतात. भारतातील सिंचित क्षेत्रापैकी निम्म्याहून अधिक क्षेत्र भूजलावर अवलंबून असून ग्रामीण भागातील पिण्याच्या पाण्याचाही तो मुख्य आधार आहे. व्यवस्थापनाची तत्त्वे सर्वत्र सारखी असली, तरी तपशील त्या त्या ठिकाणच्या खडकांवरून ठरतो. येथे प्रामुख्याने महाराष्ट्राच्या कठीण खडकाच्या प्रदेशाचा विचार केला आहे.

खडक व साठवण : महाराष्ट्राचा सु. ८२% भूभाग दक्षिण ट्रॅप या बेसाल्ट खडकाने व्यापलेला आहे. सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचून तो तयार झाला. घट्ट बेसाल्टात पाणी केवळ भेगांत व सांध्यांत राहते. लाव्ह्यातील वायू निसटून राहिलेल्या पोकळ्या पुष्कळदा झिओलाइटासारख्या खनिजांनी भरून गेलेल्या असतात. त्यामुळे पृष्ठालगतचा मुरूम व त्याखालील भेगाळ थर हेच येथील मुख्य जलधर होत.

झिजलेल्या बेसाल्टातून त्याच्या आकारमानाच्या सु. २% इतकेच पाणी निचऱ्याने मिळते. वाळूमय गाळातून सु. १६% मिळते. म्हणजे १ हेक्टर क्षेत्राखालील पातळी १ मी. उतरली असता गाळातून सु. १,६०० घ.मी., तर बेसाल्टातून केवळ सु. २०० घ.मी. पाणी हाती येते. असा साठा चांगल्या पावसाने लवकर भरतो व उपशाने तितक्याच लवकर रिता होतो. विंधन विहीर अधिक खोल नेल्याने नवे पाणी निर्माण होत नाही. बहुधा तिच्यात शेजारच्या विहिरींचेच पाणी ओढले जाते. गाळाच्या प्रदेशात साठा मोठा असला, तरी तो अमर्याद नसतो. तापी खोऱ्यातील रावेर व यावल या केळी पिकविणाऱ्या तालुक्यांत अतिउपशामुळे पातळी खोल गेली आहे.

जलताळेबंद : व्यवस्थापनाचा पाया म्हणजे आवक व उपसा यांचा हिशेब. झिजलेल्या बेसाल्टाच्या प्रदेशात पावसाच्या सु. ७% पाणी भूजलास मिळते, असे मूल्यांकनात सामान्यतः धरतात. ५०० मिमी. पावसाच्या गावी हे पुनर्भरण ३५ मिमी., म्हणजे दर हेक्टरी ३५० घ.मी. होते. उसाला हेक्टरी सु. १५,००० ते २५,००० घ.मी. पाणी लागते. किमान गरज धरली आणि शेतावरील पावसाचे सर्व ५,००० घ.मी. पाणी पिकास उपयोगी पडले असे मानले, तरी उरलेल्या १०,००० घ.मी. पाण्यासाठी सु. २९ हेक्टरांवरील वर्षभराचे पुनर्भरण खर्ची पडते. ज्वारी, हरभरा यांसारख्या पिकांची गरज याच्या अल्पांशाने भागते. पिकाची निवड ही खाजगी बाब वाटली, तरी कठीण खडकाच्या प्रदेशात ती गावाच्या पाण्याची वाटणी ठरते.

भूजलाच्या शासकीय मूल्यांकनात उपलब्ध पाण्याच्या ७०% पर्यंत उपसा असलेले क्षेत्र सुरक्षित, ७० ते ९०% अंशतः शोषित, ९० ते १००% शोषित व १००% हून अधिक उपसा असलेले अतिशोषित मानतात. महाराष्ट्रात १९७२ साली स्थापन झालेली भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींतील पातळीची नियमित नोंद ठेवते.

पुनर्भरण : समपातळी चर, नालाबांध, पाझर तलाव इ. उपायांनी वाहते पाणी अडवून मुरविता येते. मात्र जलधराची साठवणक्षमता मर्यादित असल्याने या उपायांनाही मर्यादा पडतात. शिवाय वरच्या भागात अडविलेले पाणी खालच्या गावाच्या वाट्यातून वजा होते. प्लॅस्टिक अंथरलेली शेततळी विहिरीच्या पाण्याने भरल्यास पुनर्भरण होत नाहीच, उलट जमिनीखाली सुरक्षित असलेले पाणी बाष्पीभवनास मोकळे होते.

परिसंस्था : पावसाळा संपल्यावर ओढे व नद्या वाहतात त्या मुख्यतः भूजलाच्या पाझरावर. पातळी नदीपात्राच्या खाली गेली की प्रवाह आटतो. त्याचा परिणाम डोहांतील मासे, काठची झाडी, गुरांचे पाणवठे व सह्याद्रीतील झरे यांवर होतो. म्हणून पुनर्भरणाएवढा सर्व उपसा करणे हेही समतोल व्यवस्थापन नव्हे. त्यातील काही भाग निसर्गासाठी राखून ठेवावा लागतो.

कायदा : भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ अन्वये भूस्वामीस आपल्या जमिनीखाली झिरपणारे पाणी काढण्याचा हक्क मानला गेला. जलधर बांधाच्या रेषा पाळत नसल्याने हा हक्क प्रत्यक्षात शेजाऱ्याच्या पाण्यापर्यंत पोहोचतो, आणि ज्याच्याजवळ जमीन व अधिक शक्तीचा पंप, त्याला अधिक पाणी, असा त्याचा परिणाम होतो. महाराष्ट्राच्या १९९३ च्या अधिनियमाने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मी. अंतरात नवी विहीर घेण्यावर निर्बंध घातले. त्यानंतरचा महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ हा २०१४ मध्ये अंमलात आला. विहिरींची नोंदणी, खोल विहिरींवर नियंत्रण, पाणलोट क्षेत्रनिहाय समित्या आणि भूजलानुसार पीक आराखडा या त्यातील प्रमुख तरतुदी होत. विहिरी लाखोंच्या संख्येने विखुरलेल्या व खाजगी मालकीच्या असल्याने केवळ बाहेरून देखरेख करून नियमन साधणे कठीण असते.

लोकसहभाग : यामुळे गावाने स्वतः स्वीकारलेल्या नियमांना विशेष महत्त्व येते. पुरंदर तालुक्यात १९७० नंतरच्या दशकात विलासराव साळुंखे यांनी सुरू केलेल्या पाणी पंचायतीने पाण्याचा वाटा जमिनीच्या प्रमाणात न देता माणशी ठरविला, भूमिहीनांचाही हक्क मान्य केला आणि ऊस वर्ज्य केला. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली पाणलोटाच्या कामांबरोबरच सिंचनासाठी विंधन विहिरी घेण्यास मनाई करण्यात आली. तेथे दरवर्षी पावसानंतर जलताळेबंद मांडून माणसांचे व जनावरांचे पाणी प्रथम बाजूला ठेवतात आणि उरलेल्या पाण्यावर रब्बीची पिके ठरवितात. केंद्र शासनाने २०१९ मध्ये महाराष्ट्रासह सात राज्यांसाठी जाहीर केलेल्या अटल भूजल योजनेतही गावपातळीवरील जलताळेबंदास स्थान देण्यात आले.

या प्रयोगांत पाणी अडविण्याइतकाच भर उपशाच्या संयमावर आहे. पाणी अडविण्याचे काम निधी व श्रम यांनी एकदा उभे राहते. उपशाचा निर्णय मात्र दर हंगामात नव्याने घ्यावा लागतो. ज्याची विहीर वाहती आहे, त्याने ती कधी थांबवावी, हा प्रश्न गावाने एकत्र बसून सोडविला नाही, तर उन्हाळ्यात कोरड्या पडणाऱ्या विहिरींपैकी पहिली बहुधा उथळ विहिरीवर विसंबलेल्या लहान शेतकऱ्याची किंवा गावाच्या पिण्याच्या पाण्याची असते.